काचपेटीतला ठिपकेवाला मासा : घरात पाळा, ओढ्यात सोडू नका



शेतीच्या पानावर काचपेटीतल्या माशाची माहिती कशाला, असे तुम्ही म्हणाल. कारण सरळ आहे. केम, कंदर, जेऊर, कुर्डूवाडी या पट्ट्यात आता कितीतरी घरांत रंगीत माशांची काचपेटी दिसते. पोरं हट्ट धरतात, बाप सोलापूर-पुण्याहून पेटी घेऊन येतो. चार सोनेरी मासे घेतले की दुकानदार हमखास म्हणतो, "हा एक सकर घेऊन जा, पेटी साफ ठेवतो." हा सकर म्हणजे अंगावर ठिपके असलेला, काचेला तोंड चिकटवून बसणारा काळपट मासा. घेताना तो बोटाएवढा असतो. पुढे तो हातभर होतो, आणि मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न घरात उभा राहतो. तो प्रश्न चुकीच्या रीतीने सोडवला तर नुकसान शेततळ्याचे, गावतळ्याचे आणि उजनीवर पोट असणाऱ्या मच्छीमारांचे होते. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा.

हा मासा ओळखावा कसा?

हा मिशावाल्या माशांच्या कुळातला आहे. आपल्या भीमेतले शिंगाळा आणि शिवडा हेही मिशावालेच, पण हा त्यांचा लांबचा पाहुणा. याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि त्या बाजूच्या नद्यांत आहे. शास्त्रीय भाषेत याच्या गटाला टेरिगोप्लिक्थिस म्हणतात. दुकानात सकर किंवा प्लेको म्हणतात. काही ठिकाणी मच्छीमार याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात.

ओळखीच्या खुणा अशा :

१. अंगावर मऊ खवले नसतात. त्याऐवजी हाडासारख्या टणक पट्ट्यांचे चिलखत असते. हात फिरवला तर कानशीसारखे खरखरीत लागते.
२. तोंड खालच्या बाजूला, गोल आणि चिकटणारे असते. कडेला दोन आखूड मिशा असतात.
३. पाठीवरचा पर मोठा असतो आणि उभारला की शिडासारखा दिसतो.
४. अंगावर आणि पोटावर चित्त्यासारखे ठिपके किंवा नागमोडी रेघा असतात.
५. छातीजवळच्या दोन्ही परांना पुढे जाड काटा असतो.

दिवसा हा मासा दगडाआड किंवा लाकडाखाली पडून राहतो. रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडतो. दिवसा हलत नाही म्हणून आजारी आहे असे समजू नये.

पेटी किती मोठी हवी?

पहिली चूक इथेच होते. दीड-दोन फुटांच्या पेटीत हा मासा लहानपणीच काय तो मावतो. चांगले खाणे मिळाले तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच तो वीतभर होतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर दीड फुटापर्यंत जातो. आयुष्यही लहान नाही. नीट सांभाळला तर दहा वर्षे आणि त्याहून अधिक जगतो. म्हणजे पोरगं तिसरीत असताना आणलेला मासा ते बारावीला गेले तरी पेटीत असणार, हा हिशोब मांडूनच मासा घ्यावा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. जेवढे येईल तेवढे लिटर पाणी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत सुमारे २५० लिटर पाणी बसते. अर्धवट वाढलेल्या एका सकरला एवढी जागा लागतेच. पूर्ण वाढलेल्याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ६७० लिटरची टाकी हवी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. तेव्हा २५० लिटरची पेटी वाळू आणि काच धरून तीनशे किलोच्या पुढे जाते. ती पत्र्याच्या कपाटावर किंवा हलत्या टेबलावर ठेवू नये. खाली पक्का ओटा बांधावा.

काचपेटी परवडत नसेल तर घरामागचा सिमेंटचा हौदही चालतो. नवीन हौद लगेच वापरू नका. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशाला बाधतो. हौद भरावा, आठवडाभर ठेवावा, रिकामा करून घासावा, असे तीन-चार वेळा करावे. हौदाला सावली हवी आणि वर जाळी हवी. पावसाळ्यात हौद भरून वाहता कामा नये. भरून वाहणारा हौद म्हणजे माशाला ओढ्याकडे जायला उघडे दार.

पाणी कसे असावे?

आपल्या भागातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. सकर मासा जड पाणीही बऱ्यापैकी सोसतो. त्याला तीन गोष्टी मारतात : पाण्यातला अचानक बदल, क्लोरीन आणि अमोनिया.

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. बोअरचे पाणी ताजे असताना त्यात प्राणवायू कमी असतो, तेही काही तास ढवळून किंवा हवेचा पंप लावून मग पेटीत घाला.

अमोनियाची गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आपण जमिनीत युरिया टाकतो. जमिनीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि पुढे त्याचे नायट्रेट होते, तेव्हा पीक ते सहज घेते. पेटीतही हेच घडते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू आधी त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला विषारी, तिसरे त्यामानाने सौम्य. पण हे जिवाणू नव्या पेटीत नसतात. वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात त्यांची वस्ती व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून पेटी आणली त्याच दिवशी दहा मासे सोडू नका. एक-दोन काटक मासे सोडून महिनाभर पेटी चालवा, मग सकर आणा. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नका, पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळा. नाहीतर जिवाणू मरतात आणि महिनाभराची कमाई वाया जाते.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. काढलेले पाणी फुलझाडांना, परसातल्या केळीला किंवा भाजीला द्या. ते नत्राने भरलेले असते, फुकटचे खत आहे. ओढ्यात मात्र ओतू नका.

पाण्याची ऊब २४ ते ३० अंश असावी. आपल्याकडचा उन्हाळा कडक. पत्र्याच्या घरात दुपारी पेटीचे पाणी फार तापते, तेव्हा पेटी भिंतीच्या आत, थंड खोलीत ठेवा. पौष-माघाच्या थंडीत रात्री पेटीवर गोणपाट टाका, फक्त हवा जाण्यापुरती जागा ठेवा. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी सकर वर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो. त्याच्या जठराला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, तिथून तो हवेतला प्राणवायू घेतो. बाकीच्या माशांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी तांब्याने वरून पाणी ओतत राहावे.

खायला काय द्यावे?

"सकर दुसऱ्या माशांची घाण खाऊन जगतो" हा गैरसमज आहे. तो शेवाळ खातो, आणि काचपेटीतले शेवाळ त्याला चार दिवसही पुरत नाही. उपाशी सकर रात्री सोनेरी माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. त्या जखमा चिघळतात आणि मासा मरतो.

त्याला काकडीचे काप, उकडलेला घेवडा, दोडका, पालक द्या. बाजारात शेवाळाच्या वड्या मिळतात, त्याही चालतात. खाणे दिवे मालवल्यावर घाला आणि उरलेले सकाळी काढून टाका. भात, चपाती, शेव घालू नका. पाणी नासते.

आता शेतकऱ्याच्या घरासाठी खास सूचना :

- फवारणी केलेल्या प्लॉटमधली भाजी माशाला घालू नका. कित्येक कीटकनाशकांचा अगदी थोडा अंशही माशाला पुरतो.
- फवारणीहून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीत हात घालू नका. फवारणीच्या पंपाची बादली पेटीसाठी वापरू नका.
- डासांची उदबत्ती किंवा औषधाची कुपी पेटीजवळ लावू नका. हवेचा पंप ती वाफ ओढून पाण्यात सोडतो.
- शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका. मोरचुदाने शेवाळाआधी मासा जायचा.
- केममध्ये घरोघरी कुंकवाचा व्यवसाय आहे. कुंकू, हळद, चुना यांची पूड उडते त्या जागी पेटी ठेवू नका, आणि वर झाकण हवेच.

मासा हलवायचा असेल तर जाळी वापरू नका. त्याचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना तोही जखमी होतो आणि आपलाही हात फाटतो. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला हाकलावे.

खरा प्रश्न : मोठा झाल्यावर काय?

मासा वीतभर झाला की पेटी अपुरी पडते. झाडे उपटतो, पाणी गढूळ करतो, पेटी साफ ठेवण्याऐवजी जास्त घाण करतो. मग घरात कोणीतरी म्हणतं, "बिचाऱ्याला तळ्यात सोडून देऊ. जीव सुटंल, आपल्यालाबी पुण्य लागंल." भावना चांगली आहे, पण हे पुण्य नव्हे. एका जिवाला सोडताना आपण तळ्यातल्या हजार जिवांवर संकट सोडतो. ते कसे, ते पाहा.

पहिली गोष्ट, हा मासा सहज मरत नाही. हवा घेता येत असल्याने उन्हाळ्यात तळे आटून चिखल उरला तरी तग धरतो. पाण्याबाहेर काढला तरी ओलसर राहिल्यास कित्येक तास जिवंत राहतो. अंगावर चिलखत आणि काटे असल्याने शिवड्यासारख्या शिकारी माशाला तो गिळणे अवघड जाते. बगळे आणि करकोचे यांनाही तसेच.

दुसरी गोष्ट, बिळे. अंडी घालण्यासाठी हा मासा काठाच्या मातीत आडवे बीळ पाडतो, हात-दोन हात खोल. मादी त्यात शेकड्यांनी अंडी घालते आणि नर बिळाच्या तोंडाशी राखण बसतो. अंडी अशी राखलेली असल्याने पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कालव्यांचे आणि तळ्यांचे काठ अशा बिळांनी ढासळल्याचे आढळले आहे. आपले पाझर तलाव, गावतळी, कागद न घातलेली शेततळी, सगळ्यांचे बांध मातीचेच. उंदरा-खेकड्याच्या बिळांनी बांध कसा फुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट, चारा. शेततळ्यात आपण रोहू, कटला, मृगल सोडतो. मृगल तळाशी चरतो, रोहूलाही शेवाळ लागते. सकर हाच चारा रात्रभर खरवडतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि तळाशी घातलेली दुसऱ्या माशांची अंडीही त्याच्या तोंडी जातात. म्हणजे पेंड आणि भुसा आपला, वजन वाढते ते बाजारात किंमत नसलेल्या माशाचे.

चौथी गोष्ट, जाळी. याच्या काट्यात आणि खरखरीत अंगात जाळी गुंतते. एक-एक मासा सोडवताना मच्छीमाराची सकाळ जाते, जाळी फाटते ती वेगळीच.

हे सगळे एका ठिकाणी एकत्र घडलेले आहे. मेक्सिको देशात बाल्सास नदीवर इन्फिएर्निलो नावाचे मोठे धरण आहे. तिथल्या हजारो मच्छीमारांचे पोट चिलापीवर, आपल्या उजनीसारखेच. सन २००० नंतरच्या काही वर्षांत त्या जलाशयात हे चिलखती मासे वाढले. जाळ्यात चिलापी कमी आणि हेच जास्त येऊ लागले, जाळी फाटू लागली आणि तिथली मासेमारी कोलमडली. हे मासे मुळात त्या नदीतले नव्हते. काचपेटीच्या व्यापारातूनच ते तिथे गेले.

आपल्या देशातही हा मासा पसरला आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींतील मत्स्यतळी, केरळातील नद्या, आंध्रातील तळी, गंगेचे खोरे, सगळीकडे त्याची नोंद आहे. आंध्रातले तळेवाले त्याला सैतान मासा म्हणतात. आपल्या उजनीच्या जलाशयातही तो जाळ्यात आल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या आहेत.

केमच्या ओढ्यातून तो कुठे जाईल?

आपला करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये आहे. कुठलाही ओढा घ्या, तो या दोहोंपैकी एकीला मिळणार. सीनाही पुढे जाऊन भीमेलाच मिळते आणि भीमा कर्नाटकात कृष्णेला. म्हणजे गावतळ्यात सोडलेला मासा एखाद्या चांगल्या पावसात ओढ्याने नदीला लागला की सोलापूर जिल्ह्यापुरता प्रश्न राहत नाही.

एकदा मोठ्या पाण्यात बसलेला मासा परत काढता येत नाही, हे उजनीने आपल्याला दाखवले आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. आज जाळ्यात मोठा वाटा चिलापीचा. चिलापीही मूळची आफ्रिकेची. तिने इथल्या माशांची जागा घेतली. पण निदान ती विकली जाते, खाल्ली जाते. सकरचे तेही नाही. दुसरे उदाहरण आफ्रिकन मांगूरचे. तोही मिशावालाच. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात त्याची तळी सरकारने नष्ट केली आहेत. सकर मात्र आजही दुकानात थोड्या पैशांत मिळतो. म्हणून इथे राखण आपली आपणच करायची आहे.

मग करावे काय?

१. विकत घेण्याआधी विचार करा. मोठी टाकी आणि दहा वर्षांची तयारी नसेल तर सकर घेऊच नका. काचेवरचे शेवाळ स्पंजने दोन मिनिटांत निघते. पेटीवर ऊन पडू दिले नाही आणि दिवा आठ तासांहून जास्त लावला नाही, तर शेवाळ मुळातच कमी येते.
२. चिकटणारा मासाच हवा असेल तर शहरातल्या दुकानात अँसिस्ट्रस नावाची बुटकी जात मागा. ती चार-पाच इंचांपर्यंतच वाढते. पण तीही परदेशी आहे, तीही बाहेर सोडायची नाही.
३. मासा आवाक्याबाहेर गेला तर दुकानदाराला परत द्या, किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. शाळेत बंदिस्त हौद असेल तर मास्तरांना विचारा.
४. यातले काहीच जमले नाही तर त्याला मारून शेतात खोल खड्ड्यात पुरावे. डोक्यावर एकच जोरदार घाव घातला की तो तडफडत राहत नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, आणि आपल्याकडच्या माळकरी घरात तर हे पटणारच नाही. म्हणूनच पहिला मुद्दा महत्त्वाचा. जो जीव मारवत नाही आणि शेवटपर्यंत सांभाळवत नाही, तो घरी आणू नये.

शेतकऱ्यांच्या काही शंका

*शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे. तिथे बीळ पाडता येणार नाही. मग सोडला तर काय बिघडलं?*
चारा खाणे आणि जाळी फाडणे तरीही होणारच. शिवाय पावसाळ्यात तळे सांडव्याने वाहते, त्या वाटेने पिल्ले ओढ्याला लागतात.

*एकच मासा सोडला तर तो वाढणार कसा?*
एकट्याने वाढणार नाही, हे खरे. पण तुमच्यासारखाच विचार करून शेजाऱ्यानेही एक सोडलेला असतो.

*शेततळ्यासाठी मत्स्यबीज घेताना काय बघावं?*
खात्रीच्या केंद्रातूनच बीज घ्या. पिशवी तळ्यात ओतण्याआधी पांढऱ्या घमेल्यात थोडे-थोडे काढून पाहा. त्यात काळपट, ठिपकेवाले, तळाला चिकटणारे पिल्लू दिसले तर बाजूला काढा.

*जाळ्यात हा मासा आला तर?*
परत पाण्यात टाकू नका आणि काठावरही टाकून देऊ नका. तो बराच वेळ जिवंत राहतो आणि सरपटत पाणी गाठू शकतो. मोबाइलवर फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, आणि सोलापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा तुमच्या मच्छीमार संस्थेला कळवा. मासा खोल पुरून टाका.

थोडक्यात लक्षात ठेवा

- बोटाएवढा घ्याल, हातभर होईल.
- महिनाभर पेटी चालवून मगच मासा सोडा. दर आठवड्याला पाव पाणी बदला.
- शेवाळावर तो जगत नाही, रोज रात्री खाणे द्या.
- फवारणीची भाजी, मोरचूद आणि डासांचे औषध पेटीपासून दूर ठेवा.
- विहीर, शेततळे, ओढा, नदी, उजनी : यांपैकी कुठेही सोडू नका.

घरात काचपेटी असणे ही चांगली गोष्ट आहे. पोरं पाणी बघायला शिकतात, जिवाची काळजी घ्यायला शिकतात. त्यांना एवढेच आणखी शिकवा की पेटीतला मासा पेटीतच राहतो. काही अडचण आली तर गावच्या कृषी सहाय्यकाला विचारा, किंवा कार्यक्रमाकडे पत्र टाका. उत्तर जरूर देऊ.